आगोट (पावसाळ्याची बेगमी) भरताय ना? मग पावसातल्या तापसर्दीची पण सोय बघून ठेवा

कोकणात माणसं आजारी कधी पडतात ते जरा आठवून बघा. मे महिन्यात घामाने जीव जातो पण आजारी फार कोण पडत नाय. जून लागला, तरवा (भाताची रोपं) काढायला नि लावणीला माणसं चिखलात उतरली की सुरू, आधी सर्दी-खोकला, मग जुलाब, मग मलेरिया, डेंग्यू, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, चिखल-पाण्यातून होणारा ताप), सगळं रांगेत येतं ते थेट गणपतीपर्यंत. आणि नेमकं याच दिवसांत आपलं ताट वर्षातलं सगळ्यात हलकं झालेलं असतं. जून-जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, भाजी घाटावरून येते ती महाग आणि वरून अर्धी कुजकी, घाटात दरड आली तर तीही नाय. मासे परत सुरू होतात तोवर श्रावण, मग घरात खात नाय. म्हणजे अडीच-तीन महिने बऱ्याच घरी भात, पातळ आमटी, लोणचं, पापड आणि दिवसातून चारदा चहा-खारी. इम्युनिटीवर व्हॉट्सॲपला जे काय फिरतं, काढे काय, हळदीचं दूध काय, त्यात या रिकाम्या ताटाबद्दल एक अक्षर नसतं म्हणून हे लिहितेय.

थोडं आधी समजून घ्या, मग पुढचं सोपं जाईल. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंशी झगडतात, त्या हाडांच्या मगजात तयार होतात आणि इन्फेक्शन आलं की शरीराला त्या भराभर वाढवाव्या लागतात. अँटिबॉडी म्हणतात ती तर चक्क प्रोटीनचीच बनलेली असते. तापात शरीर जास्त ऊर्जा जाळतं आणि त्याच वेळी भूक मेलेली असते. म्हणजे कच्चा माल आधीपासून अंगात असायला हवा. घर शाकारायचं काम आपण मे मध्येच उरकतो ना, पाऊस डोक्यावर पडायला लागल्यावर कौलांवर कोण चढत नाय, हे तसंच. आणि हो, 'बूस्ट' हा शब्द जाहिरातवाल्यांना लखलाभ. प्रतिकारशक्ती उगाच भडकलेली असणं पण चांगलं नाय, ॲलर्जी, दमा, काही प्रकारचा संधिवात हे त्या यंत्रणेच्या अतिउत्साहाचेच उद्योग आहेत. आपल्याला तिला उपाशी ठेवायचं नाय, एवढंच खाण्याने जमतं. चांगलं खाल्लं म्हणून डास चावला तरी डेंग्यू होणार नाय असं अजिबात नाय, पण ज्याच्या अंगात साठा आहे तो लवकर उठतो.

आता पहिला हिशोब प्रोटीनचा, कारण पावसाळ्यात मार तिथेच बसतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन रोज लागतं, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम धरा. आपला दिवसभराचा भात पाव किलो तांदळाचा धरला तरी त्यातून विसेक ग्रॅम मिळतात, आणि तांदळाच्या प्रोटीनमध्ये लायसिन नावाचा घटक कमी असतो, तो कडधान्यातून भरून निघतो, म्हणून भाताबरोबर डाळ-उसळ ही जोडी आहे. उरलेले ३० कुठून आणायचे? इथे सगळे म्हणतात, अगं कुळथाची पिठी आहे की. आहे, कुळथात शंभर ग्रॅमला २० ग्रॅमच्या वर प्रोटीन आहे, पण पिठी आपण करतो कशी? चार माणसांत पाऊण वाटी पीठ आणि बाकी पाणी, लसूण, आमसूल. माणशी चार ग्रॅम जेमतेम. पिठी-भात खाऊन पोट तृप्त होतं, मन त्याहून तृप्त होतं, पण हिशोब बसत नाय. तर पिठी करा, जरूर करा, फक्त तिच्याबरोबर आणखी काहीतरी ठेवा. भाजलेला सुका बांगडा, नायतर एक अंडं, नायतर शेंगदाण्याची चटणी. एका अंड्यात ६ ग्रॅम, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम कोरड्या कडधान्याच्या उसळीत ७, तेवढ्याच शेंगदाण्यात ७, वाटीभर दह्यात पाच-सहा, आणि वीस ग्रॅम सुक्या जवळ्यात दहाच्या आसपास. दोन-तीन गोष्टी जोडल्या की झालं. प्रोटीन पावडरचे डबे आणायची काय एक गरज नाय, तेवढ्या पैशात महिन्याची अंडी येतात.

म्हणून आगोट भरतानाच हे घ्या

मिरची, मसाला, मीठ, लाकडं, पापड हे तर आपण भरतोच. त्यात कडधान्याचा वाटा वाढवा. कुळीथ पिठाचा वेगळा आणि अख्खा वेगळा, कारण अख्ख्याला मोड आणून उसळ केली की माणशी मूठभर सहज जातं. काळे वाटाणे, चवळी, मूग, रायगडकडचे असाल तर कडवे वाल, बिरड्याशिवाय तुमचा पाऊस जायचा नायच. चार माणसांच्या घरात रोज एकदा उसळ धरली तर महिन्याला साधारण साडेतीन किलो कडधान्य लागतं, जून ते सप्टेंबर त्याच हिशोबाने घ्या. कडकडीत ऊन दाखवून घट्ट झाकणाच्या डब्यात. शेंगदाणे मात्र थोडे थोडे आणा, ओलाव्यात त्यांना बुरशी धरते आणि त्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन लिव्हरला घातक असतं, भाजल्याने ते पुरतं जात नाय. कडवट लागले, काळपट-हिरवट दिसले तर निवडत बसू नका, सगळे फेका.

सुकी मासळी मे मध्येच घ्या, वाळूचा कण कमी आणि हाताला कोरडी लागणारी. जवळा, सुकट, बोंबील, सुके बांगडे. जवळा-सुकट सालासकट, डोक्यासकट खातो आपण, म्हणून त्यात कॅल्शियम पण भरपूर. अडचण एकच, मीठ. खारवलेली मासळी, लोणचं, पापड, वर ताटात मीठ, अशाने दिवसाला ५ ग्रॅमच्या आत राहायचा जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा दुपारीच पार होतो. बीपीवाल्यांनी खारं मासं कोमट पाण्यात भिजवून दोन पाण्यांत धुवावं आणि त्या दिवशी लोणच्याला सुट्टी द्यावी. मधेच एखाद्या उन्हाच्या दिवशी डबा बाहेर काढून मासळीला ऊन दाखवा नायतर ऑगस्टात झाकण उघडवणार नाय.

शाकाहारी घरांनी वाईट वाटून घेऊ नका, कडधान्य, दही-ताक, शेंगदाणे, ओल्या काजूगरांचा सुकवून ठेवलेला साठा, यावर व्यवस्थित भागतं. आठळ्या (फणसाच्या बिया) पण मातीत घोळवून ठेवल्या की पावसात कामाला येतात, त्या पिठूळ जास्त आणि प्रोटीनने बेताच्या, पण मैद्याच्या खारीपेक्षा चारपट बऱ्या. खारीचा राग आहे का मला? आहे.

तांदूळ उकडा घेत असाल तर उत्तमच. भात उकडून मग सडतात तेव्हा सालीतली बी गटातली जीवनसत्त्वं दाण्यात आत शिरतात, पॉलिशच्या पांढऱ्या तांदळात ती कोंड्याबरोबर गिरणीतच राहतात. सकाळची उकड्या तांदळाची पेज हा काय गरिबाचा नाश्ता म्हणून लाजायचा प्रकार नाय. तिच्याबरोबर शिळ्या उसळीचा वाडगा आला की हॉटेलच्या इडलीच्या तोंडात मारेल.

भाजीचं काय?

भाजी बाजारातून यायलाच हवी असं कोणी सांगितलं. पहिला पाऊस पडून गेला की पंधरा दिवसांत टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, शेवळं, अळू, आणि परड्यातला शेवगा तर बारमाही. टाकळ्याचा कोवळा पाला, वर ओलं खोबरं, झालं काम. या गडद हिरव्या पाल्यात बीटा-कॅरोटीन असतं, शरीर त्याचं ए जीवनसत्त्व करतं आणि ते नाक, घसा, फुप्फुसं, आतडी यांच्या आतलं अस्तर धड ठेवतं. जंतू पहिला तिथेच अडतो, त्यामुळे ते अस्तर फाटकं असेल तर पुढच्या पेशींची धावपळ होते. बीटा-कॅरोटीन चरबीत विरघळतं म्हणून भाजीत खोबरं किंवा चमचाभर तेल लागतंच, डाएटवाल्यांनी नुसती उकडून खाऊ नये.

एक मजेची गोष्ट. ए जीवनसत्त्व लिव्हरमध्ये कित्येक महिने साठून राहतं. म्हणजे एप्रिल-मे मध्ये जो हापूस, पायरी, रायवळ नि पपई तुम्ही हाणता त्याचा फायदा जुलैत मिळतो. सी चं तसं नाय, ते फार साठत नाय, आज-उद्या खाल्लेलंच कामाला येतं. पुरुषाला रोज ८० मिलिग्रॅम, बाईला ६५. एका मध्यम पेरूत २०० च्या आसपास असतं, विषय संपला. पेरू नसेल तर पपईच्या चार फोडी, नायतर आवळा. लिंबातून वाटतं तेवढं मिळत नाय, एका लिंबाच्या रसात दहा-पंधरा मिलिग्रॅम, पण ते उसळीवर पिळलं की कडधान्यातलं लोह अंगाला जास्त लागतं, म्हणून जेवताना लिंबू हवंच. आणि जेवणाला चिकटून चहा नको, चहा त्याच लोहाला अडवतो. तासभर थांबा, चहा कुठे पळून जात नाय. बाकी सी च्या गोळ्या खाऊन सर्दी होतच नाय हा समज खोटा आहे, रोज घेणाऱ्यांची सर्दी थोडी लवकर आटपते एवढंच अभ्यासांत दिसलंय. त्यापेक्षा मार्च ते मे मध्ये बागेत काजूचे बोंडू सडून जातात त्यांच्याकडे बघा, संत्र्याच्या कित्येक पट सी असतं त्यांत. घशाला खवखवतात म्हणून कोण खात नाय, मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवून फोडी करून खाऊन बघा.

रानभाजीला जाताना दोन-तीन पथ्यं पाळा. ओळख पटलेलीच भाजी तोडा, आणि ओळख मोबाईलवरच्या फोटोवरून पटवू नका, गावातल्या आजीला, काकीला बरोबर न्या. रस्त्याच्या कडेची, तणनाशक मारलेल्या बागेतली नको. शेवळं आणि अळू खाजतात ते त्यातल्या ऑक्झलेटमुळे, शेवळात काकडं (आंबट रानफळं) घालतात आणि अळवात चिंच किंवा आमसूल ते त्यासाठीच, शॉर्टकट मारू नका. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी अळू-माठ बेताने. आणि पावसात कच्ची पालेभाजी, कच्चे मोड, सॅलड हे सगळं बंद. मोड शिजवूनच खायचे, ज्या ओल्या उबेत मोड येतात त्याच उबेत जंतूही वाढतात.

श्रावणात फार काही वेगळं करायला नको, आपल्या सणांची ताटं बघितलीत तर सगळी सोय आहे त्यात. गोकुळाष्टमीला आंबोळ्या, काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि शेवग्याच्या पाल्याची भाजी. तांदूळ-उडीद भिजवून आंबवले, वाटाण्याला भिजवून मोड आणले की त्यातलं फायटेट कमी होतं, आणि हे फायटेटच जस्त नि लोह धरून ठेवतं. जस्त म्हणजे झिंक, ते कमी पडलं तर पांढऱ्या पेशींचा एक महत्त्वाचा गट नीट वाढतच नाय, पोरांचे जुलाब लांबतात, म्हणून तर जुलाबात ओआरएसबरोबर झिंकच्या गोळ्या देतात. कालवं, कुर्ल्या (खेकडे) खाणाऱ्यांना झिंकची चिंता कमी, त्यांत ते भरभरून, कालवांत तर जवळपास कुठल्याही खाण्यापेक्षा जास्त. पण कालवं आणि तिसऱ्या (शिंपल्या) पूर्ण शिजवूनच, हे कवचवाले जीव पाणी गाळून जगतात आणि खाडीच्या पाण्यात जे असेल ते त्यांच्या पोटात.

आतड्यांचं पण थोडं. रोगप्रतिकारक पेशींचा मोठा हिस्सा आतड्यांच्या भिंतीत असतो आणि तिथल्या चांगल्या जंतूंना चोथा लागतो, तो नाचणीत, कडधान्यात, भाजीत असतो. घरचं ताजं ताक प्या, नाचणीची भाकरी किंवा आंबील करा. पोरांना नाचणीचं सत्व देताय तर द्या, पण गाळून चोथा गेलेला असतो, दात आलेल्या पोराला भाकरीच बरी. सोलकढी माझी पण जीव की प्राण, पण तिला औषध समजू नका, आणि बाटलीतलं अमृत कोकम म्हणजे सालीला साखर लावून सोडवलेला पाक आहे. कोकमाचं आगळ (खारवलेला रस) घ्या, त्यात साखर नसते, मीठ असतं, तेवढं ध्यानात ठेवून पाणी जास्त घाला.

पाणी आणि स्वच्छता, हे आधी लिहायला हवं होतं खरं म्हणजे, कारण पोटात जंतू गेले तर वरच्या सगळ्या हिशोबाचे जुलाब होऊन बाहेर. पावसात विहिरीत गढूळ पाणी उतरतं. ग्रामपंचायत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकते त्यावर विसंबून न राहता पिण्याचं पाणी उकळा, खळखळ उकळी आल्यावर मिनिटभर तरी. नायतर मेडिक्लोरचे (क्लोरीनचे) थेंब बाटलीवर लिहिल्याप्रमाणे टाकून अर्धा तास ठेवा. मासे सुरू झाल्यावर बांगडा, तारली, कुपा घेताना बर्फातलाच घ्या. हे मासे उष्ण जागी पडून राहिले की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं, शिजवून पण ते जात नाय, खाल्ल्यावर अर्ध्या तासात तोंड लाल, अंगावर गांधी, डोकं ठणकतं, आणि आपण म्हणतो बांगडा उष्ण पडला. बांगडा बिचारा बरा होता, तो दुपारभर टोपलीत उन्हात पडलेला होता.

काढा प्यायचाय तर प्या. आलं, गवती चहा, तुळस, घसा शेकला जातो, बरं वाटतं. पण रोज तीन वेळा दोन-दोन महिने गुळवेल उकळून पिणं सोडा. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या लिव्हरला इजा झाल्याचं नोंदवलं होतं, आयुष मंत्रालयाने ते मानलं नाय, वेल ओळखण्यात गल्लत झाली असेल असं त्यांचं म्हणणं होतं. वाद त्यांचा त्यांच्याकडे, पण रानातून आणलेली वेल तीच आहे हे तुमच्या-आमच्या घरात कोण तपासतं? डी च्या साठ हजारच्या गोळ्या पण दुकानातून परस्पर आणून खाऊ नका, रक्त तपासून डॉक्टर देईल तेवढ्याच. बांगडा, तारली, अंड्याचा बलक यातून डी मिळतं, आणि पावसाने उघडीप दिली की अंगणात बसा.

मिसरी, तंबाखू आणि रोजची दारू चालू ठेवून वरून आवळा खाणाऱ्यांबद्दल मी काय बोलत नाय. शुगर असलेल्यांनी मात्र पावसाळ्यात शुगर ताब्यात ठेवायची, वाढलेल्या साखरेत पांढऱ्या पेशी सुस्त पडतात आणि चिखलातली जखम महिनाभर भरत नाय. त्यांनी भात निम्मा करून उसळ दुप्पट केली तरी बराच फरक पडतो.

गणपतीत चाकरमानी आले की घरं भरतात, आरत्या, भजनं, एकाच खोलीत पंचवीस माणसं, आणि मुंबईची सर्दी गावात. मोदक खा की, वर्षातून एकदाच तर असतात. फक्त ऋषीपंचमीची भाजी एका दिवसापुरती ठेवू नका, अळू, माठ, लाल भोपळा, सुरण, भेंडी, शिराळं, मक्याची कणसं असं सगळं एका टोपात, ती भाजी सगळा भाद्रपद आठवड्यातून एकदा करा, वर मूठभर भिजवलेले शेंगदाणे घाला.

आणि एवढं करून ताप आलाच तर? आमच्या शेजारच्या काकी म्हणतात, "ताप इलो तर पेज पी आणि गप रव." निम्मं बरोबर आहे. पहिल्या दिवशी मीठ घालून पेज, शहाळं, मुगाचं कढण, जुलाब असतील तर ओआरएस, अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध अजिबात तोडायचं नाय. भूक जरा आली की लगेच आटवल, म्हणजे तांदूळ-मुगाची मऊ खिचडी, त्यावर तूप, मग अंडं किंवा माशाचं पातळ सार. चार-चार दिवस नुसत्या पेजेवर ठेवलं की ताप जातो आणि माणूस पण अर्धा जातो. ताप उतरल्यावर पोरांना दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्या, झिजलेलं तेव्हाच भरून निघतं.

पण हे गप राहणं एक दिवसापुरतं. ताप, पोटऱ्या दुखतायत, डोळे लाल, लघवी कमी झाली आणि गेल्या दोन-तीन आठवड्यांत माणूस शेतात, चिखलात, गुरांच्या गोठ्यात होता, तर लेप्टोचा संशय धरून त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्या, आणि गेल्यावर पहिलं वाक्य हेच सांगा की हा चिखलात काम करत होता. डॉक्टरने विचारायची वाट बघू नका. डेंग्यूचा हंगाम आहे म्हणून अंगदुखीला ब्रुफेन, ॲस्पिरिन घरच्या घरी देऊ नका, पॅरासिटामॉल चालेल. लावणीच्या दिवसांत आशाताई डॉक्सीच्या (लेप्टो टाळायच्या डॉक्सीसायक्लिनच्या) गोळ्या घेऊन घरी आल्या तर त्या पण कपाटात ठेवून देऊ नका, सांगतील तशा जेवल्यावर घ्या, पायाला जखम असेल तर पट्टी बांधून गमबूट घालूनच मळ्यात उतरा.